भोंगाबाईचं म्हणणं

‘पाणी?’ मुलानं विचारलं.

मी पाटीवर आत्ता कुठे ‘मला’ एवढंच लिहिलं होतं. नाही म्हणून मान हलवली आणि पुढचं अक्षर काढायला घेतलं, तेवढ्यात सून स्वयंपाकघरातून डोकावली. ‘सकाळची गोळी राहिली का आई?’ परत मान हलवली. ‘मग शाल हवी असेल. गार आहे आज,’ ती म्हणाली. मी ‘घ’ काढला. ‘घाम!’ मुलगा ओरडला. ‘घाम येतोय आईला, आणि तू शाल कसली देतेस?’ उठून त्यानं खिडकी उघडली, पंखा मोठा केला, माझ्या हातातून पाटी घेऊन तिचं बटण दाबलं आणि कोरी पाटी परत माझ्या मांडीवर ठेवली. मुलगा लहानपणापासून टापटिपीचा.

मला घाम बिम काही आला नव्हता. मला ‘मला घरी जायचंय’ एवढंच लिहायचं होतं. पण दोघांना ऑफिसची घाई होती. आई आता कशी बरी दिसतेय, असं एकमेकांना सांगत ते गेले आणि मी पंख्याखाली कुडकुडत बसले.

सांगते. माझ्या घशात गाठ निघाली, ती वाईट निघाली, आणि डॉक्टरांनी घशातली आवाजाची पेटीच काढून टाकली. जीव वाचला. डॉक्टर चांगले होते, मी त्यांना नावं ठेवत नाही. आता गळ्याच्या खाली भोक आहे, त्यातून श्वास घेते आणि वर पातळ फडकं बांधते. बोलता येत नाही. खोकला काय, हसू काय, सगळं मुक्यानं. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, तेही लावून पाहिलं. डब्यात कोंडलेल्या माशीसारखा आवाज आला. तो आवाज माझा म्हणून मला कोणी ऐकवला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. यंत्र खोक्यात घालून ठेवून दिलं ते अजून तिथंच आहे.

तुम्ही म्हणाल, एवढा काय तोरा आवाजाचा? तर माझं पोट त्या आवाजावर चाललं आहे. बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीमागे बसून मी उभा जन्म गाड्या पुकारल्या. ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, सगळे मला भोंगाबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. मला राग नव्हता. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे साहेबांनी ठरवून दिलेलं वाक्य, ते म्हणावंच लागे. पण त्याच्यापुढे मी माझ्या पदरचं घालायचे. ‘गाडी फलाटाला लागलेली आहे, धावू नका, ड्रायव्हर अजून चहा पितोय.’ एकदा एक पोर हरवलं, तर मी पुकारलं, ‘ज्या बाईचं पोर हरवलंय तिनं रडणं थांबवून चौकशीपाशी यावं. पोर इथं बिस्किट खात बसलंय आणि त्याला अजून आईची आठवण आलेली नाही.’ सगळा स्टँड हसला. ती बाईसुद्धा डोळे पुसत हसत आली. साहेबांनी बोलावून घेतलं. ‘बाई, पदरचं घालू नका.’ मी बरं म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी परत घातलं.

लिहिण्याचा आणि माझा संबंध म्हणाल तर नाहीच. चिठ्ठ्यांवर गाडीचा नंबर आणि फलाट, एवढंच. जे काही आत असेल ते तोंडावाटे बाहेर. नवरा लवकर गेला. पुढे मुलाचं लग्न झालं, तो वेगळा राहायला गेला, त्यात वावगं काही नाही. मी माझ्या दोन खोल्यांत एकटी आणि एकटीच बोलायची. शेगडी पेटली नाही की तिला शिव्या. किडकी भाजी निघाली की भाजीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. रेडिओवरच्या बाईला मी रोज उत्तरं द्यायचे. ऐकायला कोणी नव्हतं, पण बोलून झालं की माणूस हलका होतो, आणि मी हलकी होते.

ऑपरेशननंतर मुलानं चार दिवस रजा काढून मला माझ्याच घरी ठेवलं होतं. तो गेला आणि दुसऱ्याच दिवशी मी दूध तापत ठेवून आतल्या खोलीत पडले. श्वास नाकातून जात नाही म्हटल्यावर वासही येत नाही, हे मला कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यात शिरलं नव्हतं. दूध आटलं, पातेलं करपलं, धूर खिडकीतून बाहेर गेला तेव्हा खालच्या मालकीणबाई जिना चढून धावत आल्या. मी खाटेवर निवांत. त्यांनी मुलाला फोन केला. तो आला तो पांढराफटक पडलेला. माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, ‘आई, काही झालं असतं तर तू हाक कशी मारली असतीस?’ चार दिवसांसाठी म्हणून त्यानं मला आपल्याकडे आणलं.

त्या चार दिवसांचे आठवडे झाले. आणि परवा, माझ्या शेजारी सोफ्यावर बसून, त्यानं माझ्या घरमालकांना फोन लावला. ‘खोल्या सोडतोय आम्ही. रविवारी येऊन सामान हलवतो आणि किल्ली देतो. हो, आईला इथंच बरं वाटतंय.’

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. फोन ठेवून तो मला म्हणाला, ‘टीव्ही लावू?’

तेव्हापासून मी पाटी घेऊन त्याच्या मागे होते. पाटी त्यानंच आणलेली, काळी, छान. काडीनं लिहायचं आणि बटण दाबलं की साफ. मोजून चार ओळी मावतात. घामाचा घोळ झाला त्याच संध्याकाळी त्याला गाठलं आणि कोणी काही ओळखायच्या आत झरझर सगळं वाक्य लिहिलं. ‘मला घरी जायचंय.’

त्यानं वाचलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. ‘अगं आई, हेच घर तुझं!’ इतक्या प्रेमानं म्हणाला की मला रागावताही येईना. आणि बटण दाबलं.

तोंड असतं ना, तर मी नुसतं ‘हो का?’ म्हणाले असते. दोन शब्द. त्या दोन शब्दांचा सूर ऐकून त्याला कळलं असतं की आई पेटली आहे, आता गुपचूप ऐकून घ्यावं. पाटीवर ‘हो का’ लिहिलं तर ते ‘हो का’च दिसतं. मी काडी दाबून दाबून लिहून पाहिलं. अक्षरं जरा जाड आली, एवढंच.

मग मी वन्संवर भिस्त ठेवली. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद, मुलाची आत्या. तो तिचा शब्द खाली पडू देत नाही. शुक्रवारी ती भेटायला आली. मुलगा आणि सून बाहेर गेले होते, म्हटलं आता हिला सगळं सांगावं. ती माझ्यासमोर बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘वहिनी! कशी! आहेस!’

मी पाटीवर लिहिलं, ‘मला ऐकू येतं.’

तिनं वाचलं, मान डोलावली, माझ्या हातातून पाटी घेतली, बटण दाबलं आणि लिहिलं, ‘बरं बरं.’

मी कपाळावर हात मारून घेतला. तिला वाटलं डोकं दुखतंय. तिनं लिहिलं, ‘बाम आणू?’ मी पाटी ओढली, लिहिलं, ‘तू बोल की, मी बहिरी नाही.’ ते वाचून ती बिचारी ओशाळली, हसली, म्हणाली, ‘अगंबाई, खरंच की.’ आणि पाचव्या मिनिटाला परत लिहायला लागली. मुक्या माणसाशी तोंडानं बोलणं तिला बरोबर वाटेना. तिच्या गुडघेदुखीची सगळी हकीकत तिनं चार चार ओळींत मला लिहून दाखवली. पाटी काही माझ्या हाती आली नाही. निघताना मला मिठी मारून ती रडली, आणि खरी रडली, खोटं कशाला बोलू? पण माझं सांगायचं राहिलं ते राहिलंच.

शनिवारी दोघांना अर्धा दिवस ऑफिस होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. सामान बांधायला दोऱ्या आणि खोकी आणून मुलानं दारामागे ठेवली होती. आज नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी उठले.

सून ऑफिसातले एका बाजूनं छापलेले कागद घरी आणते, कोऱ्या बाजूवर सामान लिहायला. त्यातले मूठभर घेतले, पेन्सिल घेतली आणि जेवणाच्या टेबलाशी बसले. लिहिलं, ‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की’. आणि थांबले. हे कोण बोलतंय? हे तर आमचे साहेब! उभ्या जन्मात कागदावरून जे वाचलं ते साहेबांचंच, तर हातातून दुसरं काय उतरणार? खोडलं. परत लिहिलं, ‘विनंती की सदर खोली रिकामी करण्यात येऊ नये.’ तेही खोडलं. तिसऱ्यांदा ‘कृपया’ आलं तेव्हा पेन्सिल टेबलावर आपटली. माझ्याच पोराला मी कृपया म्हणू?

मग मनाशी म्हटलं, अगं बाई, पदरचं घाल की. आता साहेब कुठे आहे अडवायला?

आणि लिहिलं, ‘हे बघ, मला घाम आला नव्हता.’

त्यानंतर पेन्सिल थांबेना. मी जशी बोलले असते तसं लिहीत गेले. शिव्या आल्या तिथं शिव्या लिहिल्या. हसू आलं तिथं हसू. मधे कोणी ‘कळलं, कळलं’ म्हणत नव्हतं. मी एक वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघत बसले आणि परत येऊन बघते तर ते तिथंच माझी वाट बघत थांबलेलं. असं तोंडी बोलताना कधी झालं नव्हतं. तोंडी बोलताना मी पुढचं विसरून जायचे आणि दुसऱ्याच गाडीत चढायचे.

लिहिता लिहिता एक गंमत झाली. मला वाटत होतं मी खोल्यांबद्दल लिहितेय. दोन पानं झाल्यावर कळलं, मी त्या खोल्यांतल्या माझ्या बोलण्याबद्दल लिहितेय. नवरा गेल्यावर मी शेगडीशी का बोलायला लागले, हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, मला स्वतःलासुद्धा नाही. घरात नुसता शुकशुकाट व्हायचा आणि पोर अभ्यासाला बसलेलं असायचं, त्याला तो शुकशुकाट ऐकू येऊ नये म्हणून मी मोठमोठ्यानं बोलायचे. पुढे पोर गेलं, सवय राहिली. हे कागदावर वाचलं आणि मला भडभडून आलं. पदरानं डोळे पुसले आणि पुढं लिहिलं.

ते दोघं आले तेव्हा कागदांचा गठ्ठा मुलाच्या ताटाच्या जागी ठेवलेला होता.

‘हे काय? एवढं?’ त्यानं पानं चाळली. ‘आई, थोडक्यात सांग ना. पाटी कुठाय?’

मी पाटीवर बसले होते. ढिम्म हलले नाही.

‘वाच ना,’ सून आतून म्हणाली. ती पीठ मळत होती. ‘आणि मोठ्यानं वाच, मलाही ऐकू दे.’

तो खुर्चीत बसला. सुरुवातीला ऑफिसातलं काही वाचावं तसं भरभर वाचलं. ‘हे बघ, मला घाम आला नव्हता. पंख्याखाली बसवून तू मला सर्दी लावलीस, आणि गळ्याला भोक असलेल्या माणसाची सर्दी म्हणजे काय ते जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखं नाही.’ आत सून फिसकन हसली. तोही हसला आणि जरा सावकाश वाचायला लागला.

‘मला घरी जायचंय. घरी म्हणजे माझ्या घरी. हेच घर तुझं, असं परत म्हणालास तर याद राख. हे तुझं घर आहे. चांगलं आहे. तुझी बायको माझ्यापेक्षा चांगला स्वयंपाक करते. तोंड असताना मी हे मेले तरी म्हणाले नसते.’

आतला पिठाचा आवाज थांबला.

‘तू म्हणशील, दूध. दूध करपलं ती माझी चूक. वास येत नाही हे तेव्हा ध्यानात नव्हतं, आता आहे. शेगडीपाशी उभी राहीन, पाय अजून धड आहेत. तू म्हणशील, हाक कशी मारणार. थाळी बडवीन. मालकीणबाईंना सांगून ठेवीन की थाळी वाजली की वर या. जेवायला बोलावलं समजून आल्या तरी माझी ना नाही.’

माझं बोलणं त्याच्या तोंडून ऐकताना मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मी जिथं थांबले असते तिथं तो थांबत होता. जिथं आवाज चढवला असता तिथं त्याचा चढत होता. मी त्याला असं वाच म्हणून लिहिलं नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं, माझा आवाज दवाखान्यात कुठंतरी टाकून दिला गेला, संपलं. आणि हा माझ्यासमोर बसून चक्क माझ्यासारखा बोलत होता.

‘संध्याकाळी तुम्ही दोघं गप्पा मारता ते मला आवडतं. पण तुमच्यात बसून मला जितकं एकटं वाटतं तितकं माझ्या खोलीत कधी वाटलं नाही. तिथं आता मी गप्प असले तरी ऐकायला कोणी नसतं. इथं सगळे आहेत आणि तरी गप्प. तुम्ही हसण्यासारखं काही बोललात की मलाही त्यावर सुचतं. भारी सुचतं. ते लिहून होईस्तोवर तुम्ही उद्याच्या भाजीवर पोचलेले असता. मग मी पाटी पालथी ठेवते.’

सून कणकेच्या हातानंच दारात येऊन उभी राहिली. त्यानं पान उलटलं. पुढच्या पानावर डोळे फिरवले, खाकरला आणि म्हणाला, ‘तर माझं म्हणणं असं आहे की—’

मधली ओळ त्यानं गाळली होती. मी हात लांब करून त्या ओळीवर बोट ठेवलं.

‘आई, असू दे ना.’

मी बोट काढलं नाही.

त्यानं बायकोकडे बघितलं, मग कागदाकडे. वाचलं तेव्हा आवाज अगदी खाली गेला होता. ‘फोनवर तू म्हणालास, आईला इथंच बरं वाटतंय. मी तुझ्या शेजारी बसले होते. तू माझ्याकडे नुसतं बघितलं असतंस तरी तुला कळलं असतं. तू बघितलं नाहीस.’

मी बोट उचललं. त्यानं उरलेलं सगळं वाचलं, शेगडीचं, शुकशुकाटाचं, त्याच्या अभ्यासाचं, एक शब्द न गाळता. एका ठिकाणी त्याला थांबून पाणी प्यावं लागलं. वाचून झाल्यावर त्यानं पानं एकावर एक नीट लावली, कडा जुळवल्या. त्यांचं काय करावं हे त्याला कळेना, म्हणून ती तशीच हातात धरून बसला.

‘मला भीती वाटली गं,’ तो म्हणाला. ‘धूर बघून. मला दुसरं काही सुचलंच नाही.’

मला माहीत होतं ते. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस कापायला झाले आहेत त्याचे.

मग तो उठला, खिडकीपाशी गेला आणि फोन लावला. ‘मालक, मी बोलतोय. उद्या किल्ली द्यायला येत नाही. हो, खोल्या राहू देत. आई येतेय परत... नाही हो, तुमचं काही चुकलं नाही. माझंच जरा... नाही, आई म्हणाली.’ पलीकडून त्यांनी काहीतरी विचारलं असावं. त्यानं हातातल्या पानांकडे बघितलं. मग म्हणाला, ‘हो. आईच म्हणाली. बरंच काही म्हणाली.’

मी उठून आतल्या खोलीत आले आणि माझे कपडे पिशवीत भरायला घेतले. दोन घड्या नीट घातल्या. तिसरीला हात थांबले आणि मी तिथंच, कपाटाकडे तोंड करून, पोटभर रडून घेतलं. आता रडण्याचाही आवाज होत नाही, त्यामुळे बाहेर कोणाला कळायचा प्रश्न नव्हता.

‘आई, चहा टाकू?’ सुनेनं दारातून विचारलं.

मी वळले नाही. पाठमोरीच मान हलवली, हो म्हणून, आणि डोळ्यांवर पदर दाबत राहिले.